दाढीसाठी रेझर आणि साहित्य कसे निवडावे?

‘डॉक्टर, महागातला रेझर घेतला, क्रीम बदलले, तरी मानेवरच्या पुटकुळ्या जात नाहीत.’ त्वचारोगाच्या ओपीडीत ही तक्रार नेहमी ऐकू येते. मग आम्ही विचारतो, ‘दाढी कशी करता?’ उत्तर बहुधा ठरलेले असते: घाईत, अंघोळीच्या आधी, हाताला लागेल तो साबण चोळून, आणि शेवटी मानेवर खालून वर उलटा हात. हात फिरवला तर एकही खुंट लागू नये, एवढाच हेतू असतो.

दाढीमुळे होणारे बरेचसे त्रास गुळगुळीतपणाच्या या हट्टातून सुरू होतात. केस त्वचेच्या पातळीपर्यंत कापला गेला की दाढी झाली. त्याच्याही खाली कापण्याचा प्रयत्न केला की आग, पुटकुळ्या आणि काळे डाग मागे लागतात. म्हणून ‘सर्वांत जवळून कापणारा रेझर कोणता’ हा प्रश्न बाजूला ठेवा. ‘माझ्या केसांना, त्वचेला आणि मला असलेल्या आजाराला कोणता रेझर सोसेल’, हे पाहा.

ब्लेड त्वचेवर काय करते?

ब्लेडच्या प्रत्येक हाताबरोबर केस तर कापले जातातच, पण त्वचेच्या सर्वांत वरच्या थराचा काही भागही खरवडला जातो. एकाच जागी चार-पाच वेळा ब्लेड फिरले की हा संरक्षक थर पातळ होतो आणि नंतर लावलेली प्रत्येक गोष्ट झोंबू लागते.

दाढीचा कोरडा केस राठ असतो. पाणी शोषले की तो फुगतो, मऊ होतो आणि कमी जोर लावून कापला जातो. पाणी, फेस आणि ब्लेड या पारंपरिक पद्धतीचा खरा फायदा हाच आहे.

अनेक ब्लेड असलेल्या रेझरमध्ये पहिले ब्लेड केसाला किंचित वर ओढते आणि मागचे ब्लेड तो कापते. कापलेला केस मग त्वचेच्या आत सरकतो. केस सरळ असेल तर फारसे बिघडत नाही. केस कुरळा किंवा राठ असेल, तर त्याचे धारदार टोक वाढताना आतल्या आत रुतते, किंवा बाहेर येऊन वळते आणि पुन्हा त्वचेत शिरते. शरीर त्याला काट्यासारखी परकी वस्तू समजते आणि तिथे लाल, दुखरी पुटकुळी येते. या त्रासाला स्यूडोफॉलिक्युलायटिस म्हणतात. त्याची सुरुवात जंतूंमुळे होत नाही, म्हणून नुसत्या प्रतिजैविक मलमाने तो कायमचा जात नाही. दाढीची पद्धत बदलावी लागते.

कोणाला कोणता रेझर?

• दुधारी ब्लेडचा सेफ्टी रेझर: आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेला धातूचा रेझर. किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ मध्ये अमेरिकेत याचे पेटंट मिळाले. रचना आजही जवळपास तीच आहे. एका वेळी एकच धार त्वचेला लागते, त्यामुळे केस आत रुतण्याचा त्रास असणाऱ्यांसाठी हा चांगला पर्याय आहे. ब्लेड स्वस्त असल्याने वेळेवर बदलले जाते. मात्र हात स्थिर हवा. सुरुवातीला एक-दोन आठवडे बारीक कापण्याची शक्यता असते.

• कार्ट्रिज रेझर: याचे डोके चेहऱ्याच्या वळणाप्रमाणे फिरते, म्हणून शिकायला सोपा. हात थोडा थरथरत असेल किंवा नजर कमी असेल तर सेफ्टी रेझरपेक्षा हा बरा. केस सरळ आणि त्वचा निरोगी असेल तर हरकत नाही. पुटकुळ्या येत असतील तर कमी ब्लेडचा घ्या. कार्ट्रिज महाग म्हणून ते महिनोन्‌महिने वापरले जाते, ही याची मोठी अडचण.

• एकदा वापरून फेकायचा रेझर: प्रवासात किंवा रुग्णालयात सोयीचा. नावाप्रमाणे वापरावा.

• वस्तरा: सरावलेल्या हाताचे काम. घरी नवशिक्याने प्रयोग करू नये.

• ट्रिमर आणि इलेक्ट्रिक शेव्हर: यात पाणी-फेसाची पारंपरिक दाढी नसली, तरी काही रुग्णांसाठी हाच योग्य पर्याय असतो. ते रुग्ण कोणते, हे पुढे दिले आहे. ट्रिमरने साधारण १ मिलिमीटर खुंट ठेवता येतो आणि केस आत रुतत नाही.

ब्लेड किती दिवस वापरावे? साधारण ५ ते ७ वेळा. दाढी राठ असेल तर त्याआधीच बदला. ब्लेड ओढल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी बदला. ब्लेडची धार टॉवेलने पुसू नका. वाहत्या पाण्यात धुऊन, पाणी झटकून कोरड्या जागी ठेवा. ओल्या बाथरूममध्ये ब्लेड लवकर गंजते. वापरलेली ब्लेड सुटी कचऱ्यात टाकू नका. झाकणाच्या डब्यात साठवा आणि डबा भरल्यावर त्यावर ‘ब्लेड’ असे लिहून वेगळा द्या. कचरा वेचणाऱ्याचा हात त्यामुळे वाचतो.

साबण, क्रीम, फोम की जेल?

दाढीच्या साबणात आणि क्रीममध्ये फेस दाट राहील आणि लवकर सुकणार नाही असे घटक असतात. अंगाच्या साबणाचा फेस पातळ असतो, लवकर वाळतो आणि त्वचा कोरडी करतो. म्हणून ‘साबण तो साबण’ असे समजू नका.

ब्रशने फेस करायला वेळ लागतो, आणि त्या वेळातच केस भिजतो. डब्यातला फोम लगेच तयार होतो, म्हणून तो लावून २ मिनिटे थांबावे. कोरड्या त्वचेसाठी क्रीम किंवा जेल बरे. त्वचा नाजूक असेल, इसब असेल किंवा पूर्वी ॲलर्जी झाली असेल, तर सुगंधविरहित क्रीम निवडा. मेंथॉलचा थंडावा ही केवळ जाणीव आहे. त्याने त्वचा बरी होत नाही आणि काहींना त्याचीच आग होते.

बोअरच्या जड पाण्यात फेस नीट होत नसेल, तर साबणाऐवजी क्रीम वापरून पाहा किंवा फेसापुरते गाळलेले, कमी क्षाराचे पाणी घ्या.

ब्रश प्राण्यांच्या केसांचा असो वा कृत्रिम धाग्यांचा, वापरानंतर फेस पूर्ण धुऊन, झटकून तो हवेशीर जागी ठेवा. कृत्रिम धाग्यांचा ब्रश लवकर सुकतो, म्हणून पावसाळ्यात आणि दमट कोकणपट्टीत सोयीचा. ब्रश, रेझर आणि टॉवेल प्रत्येकाचा स्वतंत्र हवा.

तुरटी, आफ्टरशेव्ह आणि ‘झोंबले म्हणजे जंतू मेले’

तुरटी रक्तातील आणि त्वचेतील प्रथिने गोठवते, त्यामुळे बारीक काप झाल्यावर रक्त थांबते. स्वतःचा खडा असेल, तर कापलेल्या जागी ओला करून लावायला हरकत नाही. सगळ्या चेहऱ्यावर रोज चोळल्यास त्वचा कोरडी पडते.

अल्कोहोलयुक्त आफ्टरशेव्ह झोंबते, कारण त्वचेचा वरचा थर नुकताच खरवडलेला असतो. झोंबणे हे औषध लागू पडल्याचे लक्षण नाही. जंतुनाशक द्रव पाणी न मिसळता चेहऱ्यावर लावल्याने त्वचा भाजल्याचे रुग्णही आम्ही पाहतो. दाढीनंतर गार पाणी आणि साधे, सुगंधविरहित मॉइश्चरायझर पुरेसे आहे.

एक इशारा: पुटकुळ्यांवर मेडिकलमधून आणलेली ‘खाज-गजकर्णाची’ मिश्र मलमे लावू नका. त्यांपैकी अनेकांत तीव्र स्टेरॉइड असते. चार दिवस बरे वाटते, नंतर त्वचा पातळ होते, मुरुमे येतात आणि दाढीतले गजकर्ण असेल तर ते पसरते.

दाढी करण्याची पद्धत

१. अंघोळीनंतर दाढी करा, किंवा कोमट पाण्याने २-३ मिनिटे चेहरा भिजवा.
२. केस कोणत्या दिशेने वाढतात, ते बोटांनी तपासा. मानेवर ही दिशा जागोजागी बदलते.
३. फेस लावून १-२ मिनिटे थांबा.
४. सेफ्टी रेझर त्वचेशी सुमारे ३० अंशांच्या कोनात धरा. दाब देऊ नका. रेझरचे वजन पुरेसे असते.
५. केसांच्या दिशेने, छोटे हात मारा. प्रत्येक दोन-तीन हातांनंतर ब्लेड धुवा.
६. दुसरा हात हवाच असेल तर पुन्हा फेस लावून, आडवा मारा. पुटकुळ्यांचा त्रास असेल तर उलटा हात टाळा आणि त्वचा फार ताणू नका.
७. गार पाण्याने धुऊन, टॉवेलने टिपून घ्या. घासू नका.

आजार असेल तर

• रक्त पातळ करणारी औषधे (वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल इत्यादी) किंवा केमोथेरपीमुळे कमी झालेल्या प्लेटलेट्स: इलेक्ट्रिक शेव्हर किंवा ट्रिमर वापरा. कापलेच तर स्वच्छ कापडाने १० मिनिटे सलग दाबून धरा. मध्येच उचलून पाहू नका. दाढी करण्यासाठी औषध स्वतःहून बंद करू नका.

• मधुमेह: साखर नियंत्रणात नसेल तर छोट्या कापातही जंतुसंसर्ग वाढू शकतो. नवे ब्लेड आणि हलका हात ठेवा. केसतूड झाले तर पिळू नका.

• कोड आणि सोरायसिस: त्वचेला इजा झालेल्या जागी नवे डाग किंवा चट्टे येऊ शकतात. म्हणून खरवडणाऱ्या ब्लेडपेक्षा ट्रिमर बरा.

• चेहऱ्यावर चामखिळी, नागीण किंवा गजकर्ण: ब्लेडमुळे संसर्ग चेहराभर पसरतो. बरे होईपर्यंत त्या भागावर ब्लेड फिरवू नका.

• घरी ऑक्सिजन सुरू असलेले रुग्ण: ऑक्सिजन चालू असताना इलेक्ट्रिक शेव्हर आणि अल्कोहोलयुक्त आफ्टरशेव्ह वापरू नये; आग लागण्याचा धोका असतो. दाढी कशी करावी, हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

• शस्त्रक्रिया ठरली असल्यास: त्या जागेवरचे केस घरी ब्लेडने काढू नका. बारीक जखमांमुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही ब्लेडने केस काढू नयेत, गरज असेल तर क्लिपर वापरावा, असे म्हटले आहे.

सलूनमध्ये आणि घरात: ब्लेड कोणाचे?

वापरलेल्या ब्लेडवर डोळ्यांना न दिसणारे रक्त असू शकते. हिपॅटायटिस ‘बी’चा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकून राहू शकतो. हिपॅटायटिस ‘सी’ही रक्तातून पसरतो आणि त्यावर लस नाही. एचआयव्ही शरीराबाहेर लवकर निकामी होत असला, तरी दुसऱ्याचे ब्लेड न वापरण्याचा नियम तिथेही लागू आहे.

सलूनमध्ये बहुधा ब्लेडचे दोन तुकडे करून अर्धे ब्लेड वस्तऱ्यात बसवतात. ते पाकिटातून तुमच्यासमोर काढायला सांगा. मागण्यात संकोच नको; चांगला कारागीर आपणहून दाखवतो. एकच तुरटीचा खडा सगळ्यांना फिरवला जात असेल तर नको म्हणा. स्वच्छ टॉवेल मागा किंवा स्वतःचा न्या.

घरातही तोच नियम. बाप-लेक, भाऊ-भाऊ किंवा नवरा-बायको यांनी एक रेझर वापरू नये. गरम पाण्यात बुडवल्याने किंवा जंतुनाशक लावल्याने दुसऱ्याचा रेझर सुरक्षित होत नाही. दुसऱ्याच्या ब्लेडने कापले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्यात धुवा आणि शक्यतो २४ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. हिपॅटायटिस ‘बी’ची लस घेतली नसेल तर ती मोठ्या वयातही घेता येते.

आजारी वडिलांची दाढी करताना

अंथरुणावरच्या रुग्णाची दाढी करणे हे स्वच्छतेपुरते काम नाही. ‘दाढी झाली की बाबा जरा बाबांसारखे दिसतात’, असे घरचे सांगतात, ते खरे असते. रुग्णाला टेकवून बसवा. कवळी असेल तर ती घालू द्या. गाल भरलेले राहतात आणि ब्लेड अडकत नाही. सुरकुतलेली त्वचा बोटांनी हलकेच सरळ करा. स्मृतिभ्रंश असेल तर ‘आता गाल करतो’ असे सांगत जा. अचानक मान हलवल्यास कापते, म्हणून इलेक्ट्रिक शेव्हर बरा. रोज नको, दोन-तीन दिवसांनी केली तरी चालते.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

पुटकुळ्या सुरू झाल्या, तर ३-४ आठवडे ब्लेड बंद ठेवा आणि ट्रिमर वापरा. आत वळलेला केस चिमट्याने उपटू नका. नवा केस पुन्हा आतच वाढतो. पुढील लक्षणे असतील तर तपासणी करून घ्या:

• पू, वाढती सूज, ताप किंवा पसरणारी लाली
• गोल, खाज सुटणारे चट्टे किंवा दाढीचे केस गळणे
• १० मिनिटे दाबूनही न थांबणारे रक्त
• ४ आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा पुन्हा पुन्हा रक्त येणारा, रंग-आकार बदलणारा तीळ
• मागे राहणारे काळे डाग किंवा कडक गाठी

वारंवार केस रुतत असतील तर औषधे आणि लेझरने केस कमी करण्याचे उपचार उपलब्ध आहेत. तोपर्यंत थोडे खुंट राहू द्या. संध्याकाळी गालावर हात फिरवल्यावर ते लागले, तर त्यात दाढी चुकली असे काही नाही.