फरशीखालचे वातानुकूलन : जुन्या इमारतीत बसवताना

वर्धा जिल्ह्यातील वडनेरसारख्या ठिकाणी मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा भागात जुन्या इमारतीचे कार्यालय करताना थंड हवा छताऐवजी जमिनीतून सोडता येते. मूळ जमिनीवर लोखंडी पाये उभारून त्यांवर ६० सेंमी चौरस फरश्या ठेवतात. खालची ३० ते ४५ सेंमी पोकळी हाच हवेचा मार्ग. ही पद्धत मुळात संगणक कक्षांतली. हवा थेट माणसांजवळ येत असल्याने ती १७-१८ अंशांची पुरते. छतातून सोडताना सहसा १२-१३ अंशांची लागते.

जुन्या इमारतीत खरी अडचण उंचीची. ३ मीटरच्या खोलीत ४० सेंमी गेले की २.६ मीटर उरतात. राष्ट्रीय इमारत संहिता (२०१६) वातानुकूलित खोलीला किमान २.४ मीटर मागते, म्हणजे वर फॉल्स सीलिंगला जागा जवळपास नाहीच. शिवाय जिन्याची शेवटची पायरी, दारे, स्वच्छतागृह या सगळ्यांची पातळी चुकते. उतार करावा लागतो.

दुसरी गोष्ट गळतीची. भिंतीलगतच्या फटी आणि केबलची भोके बुजवली नाहीत, तर हवा भलतीकडेच निसटते.

विदर्भात कूलरची सवय असल्याने तीच हवा खाली सोडावी, असे वाटू शकते. पण ती दमट असते. बंद पोकळीत बुरशी धरते. पावसाळ्यात तर हवा आधी जास्त थंड करून तिच्यातले पाणी काढावे लागते, मग खोलीतली परतीची हवा मिसळून ती १७ अंशांवर आणतात.