गोडाऊन म्हणजे 'खाली जा' नव्हे!

मंडळी, आपल्या वळमध्ये कुणालाही पत्ता विचारा, उत्तरात 'गोडाऊन' येणारच. पण हा शब्द मुळात इंग्रजी नाही बरं का! मलय भाषेत कोठाराला 'गुदांग' म्हणतात. पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या तोंडून तो इंग्रजांकडे गेला आणि गोडाऊन झाला.

आपला जुना शब्द वखार. १६६१ मध्ये महाराजांनी राजापुरात इंग्रजांची लुटली ती वखारच. सरकारी पाटीवर तो अजून टिकून आहे: महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ. तिथे धान्य ठेवलं की पावती मिळते, त्या पावतीवर तारण कर्ज मिळू शकतं. पडत्या भावात माल विकायची घाई नको.

आपल्याकडे भाताच्या खाचरांवर गोडाऊनं उभी राहिली. ज्यांची शेती शिल्लक आहे, त्यांनी 'वखार' तेवढी लक्षात ठेवा.