होसकोट्याचे नाव आणि वाचणारे यंत्र

बंगळूरच्या पूर्वेस, कोलारकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर होसकोटे हे गाव आहे. कन्नडमध्ये या नावाचा अर्थ नवा किल्ला. इ. स. १६३८ मध्ये विजापूरचा सेनापती रणदुल्लाखान याने बंगळूर घेतले, आणि पुढे बंगळूर, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर व शिरे हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला. १७६८ च्या ऑगस्टमध्ये याच होसकोट्यापाशी हैदरअलीने रात्री छापा घातला, तो इंग्रजांच्या बाजूने उतरलेल्या गुत्तीकर मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर. मराठ्यांच्या दक्षिणेतील इतिहासात हे गाव असे पुनःपुन्हा डोकावते. त्या इतिहासाचा शोध घेणारा आजचा अभ्यासक मात्र दप्तरखान्याची पायरी चढण्यापूर्वी संगणकापुढे बसतो आणि ‘होसकोटे’ ही अक्षरे उमटवून उत्तराची वाट पाहतो. ते उत्तर यंत्राने जुनी पाने कशी वाचली, यावर अवलंबून असते.

पान स्कॅन केले म्हणजे केवळ त्याचे चित्र मिळते. त्या चित्रातील अक्षर आणि शाईचा डाग यांत संगणकाच्या लेखी भेद नसतो. हल्ली असा दस्तऐवज उघडताच काही प्रणाली आपण होऊन त्यातील ओळी, शब्द आणि अक्षरे ओळखतात व तो मजकूर चित्रामागे एका अदृश्य थरात ठेवून देतात. वाचकाला दिसते ते चित्र. शोध घेतला जातो तो त्या थरात.

या विद्येच्या प्रारंभीच्या प्रयत्नांमागे अंधांविषयीची कळकळ होती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास फूर्निये दाल्ब याने अक्षरांच्या आकारांचे ध्वनींत रूपांतर करणारा ‘ऑप्टोफोन’ सिद्ध केला. १९७६ मध्ये रेमंड कुर्झवाइल याने छापील पुस्तक मोठ्याने वाचून दाखविणारे यंत्र जगापुढे आणले. पुढे बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत कन्नड व तमिळ छपाई वाचणाऱ्या प्रणाली तयार झाल्या.

परंतु जुन्या नागरी छपाईतील ‘ख’ हा ‘र’ आणि ‘व’ यांच्या जोडीसारखा दिसतो. लिपीसुधारकांनी त्याचे दोन्ही भाग खाली जोडण्याचा आग्रह धरला तो याचसाठी. येथे यंत्र फसले, तर रणदुल्लाखानाचा ‘रणदुल्लारवान’ होतो. माणूस हसून पुढे जातो. यंत्राला मात्र त्या पानावर खान सापडतच नाही. इंग्रजी ग्रंथांत तर होसकोटे हे ‘ऊस्कोटा’सारख्या रूपांत दडून बसलेले असते.

मोडीची वाट याहून बिकट आहे. तीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जातात; शब्द कोठे संपला हे डोळ्यांना दिसत नाही, आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेदही पाळलेला नसतो. तिथीपूर्वीचा ‘छ’ म्हणजे चांद्र तारीख, हे केवळ आकार ओळखून कळत नाही. २०१४ मध्ये युनिकोडने मोडीच्या अक्षरांना क्रमांक दिले. २०२५ मध्ये रुरकीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी शिवकाल, पेशवेकाल व आंग्लकाल यांतील मोडी लेखनाची २०४३ चित्रे नागरी लिप्यंतरासह सिद्ध केली. ही लिप्यंतरे यंत्राचे धडे होत, आणि ते धडे देण्यास मोडी जाणणारा माणूसच लागतो.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे मिळविली आणि १८९८ पासून साधनांचे २२ खंड प्रसिद्ध केले. एखादे पत्र हाती न आल्यास ते मिळालेले नाही, हे त्या काळच्या संशोधकास ठाऊक असे. यंत्राच्या वाचनातील चूक निराळ्या जातीची आहे. पत्र समोर असते, अक्षरे स्पष्ट असतात, आणि तरीही उत्तर येते की असा उल्लेख नाही. ते उत्तर खरे मानले गेले, तर होसकोट्यासारखी सीमेवरची गावे, जी कन्नड, मराठी, फारसी आणि इंग्रजी कागदांत विखुरलेली आहेत, तीच प्रथम इतिहासातून गळून पडतील.

हजारो पानांतून वाट दाखविणे हे यंत्राचे मोठेच उपकार आहेत. ‘आढळले नाही’ म्हणजे ‘नव्हते’ नव्हे, एवढे मात्र अभ्यासकाने विसरू नये. मूळ पान डोळ्यांनी पाहण्याचे काम आजही त्याचेच आहे, आणि त्यासाठी मोडी शिकणारी नवी पिढी घडलीच पाहिजे.