क्यू गार्डन्सचा ज्वर

सन १९४६ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स इलाख्यातील क्यू गार्डन्स या वस्तीत, एकाच सदनिकासमूहातील सव्वाशेच्या आसपास रहिवासी ज्वराने आजारी पडले, तेव्हा त्यांच्या अंगावरील पुरळ पाहून प्रथमदर्शनी कोणासही कांजिण्यांचेच स्मरण व्हावे, असे त्या विकाराचे बाह्य रूप होते. परंतु बेंजामिन शँकमन यांच्यासारख्या स्थानिक डॉक्टरांच्या ध्यानात आले की, ज्वर चढण्याच्या काही दिवस आधी रोग्याच्या अंगावर कोठेतरी एक न दुखणारी पुटकुळी उठते, तिच्यावर काळी खपली धरते, आणि मग थंडी, मस्तकशूळ व पुरळ हा क्रम सुरू होतो. कांजिण्यांत अशी खपली नसते. निदानाची किल्ली तिच्यातच होती, आणि रोग्याचे सर्वांग धीराने न्याहाळणाऱ्या डॉक्टरालाच ती सापडे.

चार्ल्स पॉमेरँट्झ हे घरांतील कीटक व उंदीर यांचा बंदोबस्त करण्याचा व्यवसाय करीत. कीटकशास्त्र त्यांनी स्वाध्यायाने संपादिले होते. वृत्तपत्रातून ज्वराची वार्ता कळताच ते आपण होऊन तेथे गेले, आणि कचरा जाळण्याच्या भट्ट्यांपाशी, अर्धवट जळालेल्या अन्नावर उंदीर पोसले जात तेथे, भिंतींवर रक्त पिऊन टरारलेले, खसखशीएवढे माइट, म्हणजे उंदरांच्या रक्तावर जगणारे सूक्ष्म परजीवी, त्यांना दिसले. पुढे सार्वजनिक आरोग्य खात्याचे डॉ. रॉबर्ट ह्यूब्नर यांनी सहकाऱ्यांसह रोग्यांचे रक्त, माइट आणि उंदीर या तिहींतून एकच रोगजंतू वेगळा काढून त्यास ‘रिकेटसिया अकारी’ हे नाव दिले. अज्ञात रोगाचा जंतू, वाहक आणि आश्रयदाता प्राणी इतक्या अल्पावधीत हाती यावेत, ही गोष्ट विरळा. तिचे श्रेय प्रयोगशाळेइतकेच तळघरात उतरलेल्या त्या व्यावसायिकास दिले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

हा ज्वर बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप शमतो. डॉक्सिसायक्लीनने तो त्याहून पुष्कळ लवकर उतरतो. खरी तजवीज करावयाची ती इमारतीची. भट्टीत अन्न शिल्लक राहू देऊ नये, आणि उंदरांच्या आधी माइटांचा नाश करावा, कारण यजमान मेला म्हणजे उपाशी माइट माणसाकडे वळतात.

२००१ साली अमेरिकेत अँथ्रॅक्सचे जंतू टपालातून धाडले गेले, आणि त्वचेच्या अँथ्रॅक्समध्येही अशीच काळी खपली धरते, म्हणून तेव्हा तिची धास्ती घेऊन न्यूयॉर्कमधील जे रोगी तपासणीस आले, त्यांतील काहींना हाच ज्वर असल्याचे आढळले. आणि खपलीचा तुकडा प्रयोगशाळेत पाठविण्याची दक्षता वाढताच त्याच्या नोंदीही वाढल्या.