तिरप्या चाकांचा इतिहास

उभ्या गाडीचा फोटो आणि भरधाव गाडीचा फोटो शेजारी ठेवा. दोन्हींत चाकांच्या तारा सुट्या मोजता येत असतील, तर कुठली गाडी धावते आहे हे कुणालाच सांगता येणार नाही. कॅमेऱ्याची ही अडचण मोटारीहून जुनी आहे. १८७८ साली कॅलिफोर्नियात पालो आल्टोला छायाचित्रकार एडवर्ड माय्‌ब्रिजनं घोड्याच्या वाटेवर बारा कॅमेरे ओळीनं मांडले. वाटेत ताणलेले दोरे घोड्याच्या धावेनं तुटत गेले, शटर पडत गेली आणि चारही पाय जमिनीपासून सुटून पोटाखाली गोळा झाल्याचा क्षण प्लेटवर उतरला. शास्त्राचा एक वाद मिटला, पण चित्रकारांना दुसरा मिळाला, कारण प्लेटवरचा घोडा धावत नव्हता, हवेत टांगलेला दिसत होता. शिल्पकार रोदँ यांनी १९११ मध्ये पुस्तकरूपानं आलेल्या संभाषणांत हीच तक्रार केली. त्यांचं म्हणणं असं: चित्रकार जेरिकोनं रंगवलेले एप्समच्या शर्यतीतले घोडे पाय पुढं-मागं ताणून उडतात. कुठलाही घोडा तसा पळत नाही, तरी ते पळताना दिसतात; फोटोतला खराखुरा घोडा मात्र थिजतो. प्रवासाचे आणि मोटारींचे फोटो काढणाऱ्यांची कला वाढली ती कॅमेरा उत्तरोत्तर नेमका होत गेल्यामुळं, असं सर्रास मानलं जातं. इतिहास पाहिला तर उलट दिसतं. नेमकेपणातलं काय सोडून द्यायचं हे त्यांना स्वतः ठरवता येऊ लागलं, तेव्हा ती वाढली.

याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा जून १९१२ मधला आहे. फ्रान्समध्ये दिएपजवळ ग्रां प्री शर्यत चालू होती आणि नुकतीच अठरा वर्षं पूर्ण केलेला झाक आंरी लार्तीग रस्त्याच्या कडेला कॅमेरा घेऊन उभा होता. त्याच्या कॅमेऱ्यात काचेच्या प्लेटपुढून सरकणारा पडदा होता आणि त्या पडद्यात आडवी फट. फटीसमोर येणारी प्रत्येक पट्टी क्षणार्धात उजळे, पण फटीला सगळी प्लेट ओलांडायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागे. चाकाचा खालचा भाग आधी टिपला गेला, वरचा नंतर. मधल्या वेळात गाडी पुढं सरकली, म्हणून चाक पुढं कललेलं लंबवर्तुळ झालं. लार्तीग गाडीबरोबर कॅमेराही फिरवत होता, पण गाडीच्या वेगाला तो पुरा पडला नाही. त्यामुळं स्थिर उभे असलेले प्रेक्षक आणि खांब उलट्या दिशेला, मागं झुकले. गाडीचं तोंड चौकटीबाहेर गेलं. टाकीवरचा ६ आकडा मात्र स्पष्ट आला. त्या काळच्या कुठल्याही छायाचित्र मंडळाच्या नियमांनी हा फोटो बाद ठरला असता. तो अनेक दशकं लोकांपुढं आला नाही. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये जॉन झारकोव्स्की यांनी लार्तीगचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा वेगाचं चित्र म्हटलं की हेच, असं त्याचं स्थान झालं. गंमत अशी की फोटोवरचं वर्ष बराच काळ १९१३ आणि गाडी ‘दलाज’ अशी नोंदली जात होती. पुढं शर्यतीच्या क्रमांकांशी ताडून पाहिल्यावर वर्ष १९१२ आणि गाडी ‘तेओदोर श्नायडर’ असं निघालं. वेग अचूक सांगणाऱ्या फोटोची बाकी माहिती इतकी वर्षं चुकीची होती.

इथं कुणीही रास्त आक्षेप घेईल, की हा अपघात आहे. पडद्याची फट हळू सरकली यात पोराचं कर्तृत्व कसलं? एका फोटोपुरतं हे मान्य करावं लागेल. पण त्या अपघाताला मागचा-पुढचा इतिहास आहे. अर्नेस्त मोंतो हा फ्रेंच चित्रकार १९०९ मध्ये, म्हणजे लार्तीगच्या फोटोच्या तीन वर्षं आधी वारला. मोटारशर्यतींची त्याची रंगीत शिळाछापं पाहिली तर पुढं कललेली चाकं, मागं ओढलेल्या रेघा, धुळीचे फराटे सगळं तिथं आधीच आहे. त्याच जातीच्या शटरनी काढलेल्या शर्यतीच्या फोटोंत असे आकार दिसत असत आणि चित्रकारानं त्या दोषातली भाषा ओळखली. आज लहान मुलांच्या चित्रकथांतही गाडी ‘सुसाट’ दाखवायला जे आकार काढतात, ते याच घराण्यातले आहेत. दोष एकदा घडला तर अपघात. तो ओळखून पुन्हा मुद्दाम वापरता आला तर ती रीत. कर्तृत्व त्या ओळखण्यात आहे, आणि ते एकट्या लार्तीगच्या नावावर घालणं मोंतोवर अन्याय करणारं ठरेल.

पुढची रीत पॅनिंगची. शटर जरा हळू ठेवायचं, कॅमेरा गाडीच्याच गतीनं फिरवायचा. गाडी ठसठशीत येते आणि मागची झाडं-भिंती रेघोट्या होऊन वाहून जातात. पण वेग दाखवण्यासाठी ठिकाण पुसावं लागतं, आणि प्रवासाच्या फोटोला तर ठिकाणच हवं असतं. मोनाको असो की सिसिली, रेघोट्या सगळीकडे सारख्याच. म्हणून या कलेची खरी शाळा बंदिस्त ट्रॅकवर भरली नाही, ती गावांतून जाणाऱ्या शर्यतींत भरली असं मला वाटतं. सिसिलीतल्या तार्गा फ्लोरिओची फेरी ७२ किलोमीटरची. ती डोंगररस्त्यानं चेर्दा, कोलेझानो अशा गावांतून घराच्या उंबऱ्यांना घासून जाई. तिथं शटर फार जलद ठेवलं तर गाडी गल्लीत उभी केल्यासारखी वाटणार; फार हळू ठेवलं तर भिंतीवरची अक्षरं आणि ओट्यावरची म्हातारी दोन्ही गायब. या दोहोंमध्ये गाव ओळखू येईल इतपतच विरघळू द्यायचं, हा सौदा छायाचित्रकाराला दर वळणावर नव्यानं करावा लागे.

लुई क्लेमँटास्कीनं तो सौदाच बदलला. तो स्वतः इंग्लंडच्या ब्रुकलँड्स ट्रॅकवर गाडी चालवलेला माणूस. अपघातानंतर शर्यत सुटली आणि हातात कॅमेरा आला. १९५३ मध्ये रेग पार्नेलच्या ॲस्टन मार्टिनमध्ये आणि १९५७ मध्ये पीटर कॉलिन्सच्या फेरारीत, चालकाशेजारच्या आसनावर बसून तो इटलीतल्या मिले मिलिया शर्यतीत उतरला. ब्रेशियाहून रोमला जाऊन परत ब्रेशिया, सुमारे १६०० किलोमीटर, सगळं रोजच्या वाहतुकीच्या रस्त्यांवरून. आत बसल्यावर गाडी स्थिर झाली आणि जगच धावू लागलं. चालकाचे हात स्पष्ट, पुढचा रस्ता आणि कडेची गर्दी अंगावर येणारी. कडेला उभ्या फोटोग्राफरला जी गोष्ट पुसावी लागे तीच इथं चित्राचा विषय झाली. कॉलिन्सची गाडी आघाडीवर असताना मोडली. त्याच दिवशी दुसरी एक फेरारी रस्त्याबाहेर जाऊन चालक, सहकारी आणि नऊ प्रेक्षक मेले, आणि वेगाची शर्यत म्हणून मिले मिलिया तिथंच संपली. आजच्या कुंपणाआडच्या फोटोंत लांब लेन्सची सफाई पुष्कळ असते, गाव मात्र नसतं. त्याचं कारण कलेत शोधण्यापेक्षा त्या अपघातात शोधलेलं बरं.

दुसरा आक्षेप यंत्राच्या बाजूचा आहे. लहान ३५ मिलिमीटरचे कॅमेरे आणि जलद फिल्म नसती तर क्लेमँटास्की धक्के खात फोटो काढू शकला असता का? नसता. यंत्रानं दारं उघडली हे नाकारण्यात अर्थ नाही. पण साधनं सगळ्यांनाच मिळाली होती आणि बहुतेकांनी ती गाडी आणखी लखलखीत थिजवायलाच वापरली. जाहिरातीचं उदाहरण बोलकं आहे. कॅमेरे आणि रंगीत फिल्म उत्तम असतानाही १९५९ पासून पुढं दशकभराहून जास्त काळ अमेरिकेत पाँटिॲक मोटारींच्या जाहिराती रंगवल्याच जात. गाडी आर्ट फिट्झपॅट्रिक रंगवायचा, माणसं आणि रमणीय ठिकाणं व्हॅन कॉफमन. फिट्झपॅट्रिक गाडी खरीपेक्षा रुंद काढे आणि ग्राहकाला तीच खरी वाटे. माय्‌ब्रिजच्या घोड्याची तक्रार कंपन्यांच्या हिशेबवहीत पोचली होती.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो: मग ही फसवणूकच नाही का? हल्लीच्या कित्येक जाहिरातींत गाडीला लांब दांडी बांधून तिच्या टोकाला कॅमेरा लावतात, शटर काही सेकंद उघडं ठेवतात आणि गाडी माणसाच्या चालीनं पुढं ढकलतात. दांडीमुळं कॅमेरा नि गाडी एकत्र सरकतात, गाडी स्वच्छ येते, रस्ता वाहतो आणि दांडी नंतर पुसून टाकतात. इंजिन बंद असलं तरी फोटोत गाडी सुसाट. याला लार्तीगच्या पंगतीला बसवताना हात अडखळतो, आणि अडखळावा. तिरप्या चाकात निदान खरा वेग, खऱ्या पडद्याची खरी फट होती. चूक होती पण प्रसंगाची होती. क्लेमँटास्कीच्या फोटोतला धूसरपणा त्याच्या स्वतःच्या मणक्यानं सोसलेला होता. दांडीवरच्या फोटोत सोडून दिलेलं काहीच नाही, कारण गमावण्यासारखं काही पणाला लागलेलंच नव्हतं. तंत्र तेच, सौदा नाही. रोदँच्या मापानं पाहिलं तर मात्र तोही फोटो उत्तीर्ण होईल, आणि इथं रोदँचं माप मला अपुरं वाटतं.

लार्तीगची फट आता सगळ्यांच्या खिशात आहे. फोनमधला सेन्सर चित्र एका दमात वाचत नाही, ओळीमागून ओळ वाचतो. लोकलच्या खिडकीतून फोन आडवा धरून फोटो काढला की जवळचे विजेचे खांब तिरपे येतात. बहुतेक जण तो फोटो ‘बिघडला’ म्हणून पुसतात. फोन उभा धरला तर तेच खांब कलत नाहीत, बारीक किंवा जाड होतात, आणि परतीच्या गाडीतून काढले तर उलट.