मोत्यांची झिलई

खोट्या मोत्यांच्या नथीला आपण बायका नाके मुरडतो. पण त्या मोत्यावरच्या झिलईचा इतिहास मोठा रंजक आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, म्हणून रसायनांची नावे बेताचीच घेते. भगिनींनी सांभाळून घ्यावे.

सतराव्या शतकात पॅरिसमध्ये जाकें नावाचा जपमाळा करणारा एक कारागीर होता. लहान रुपेरी मासे धुतलेल्या पाण्यात त्याला मोत्याची चमक दिसली. खवल्यांतले ते सत्त्व त्याने काचेच्या पोकळ मण्यांना आतून लावले आणि मण्यांत मेण भरले. झाले मोती! पण चिमूटभर सत्त्वासाठी मासे हजारोंनी लागत. म्हणून विसाव्या शतकात शिशापासून तशी चमक काढू लागले. बटणांना ती चालली, पण शिसे विषारी. ते ओठांना कसे लावणार?

खरा पालट अभ्रकाने केला. तेच अभ्रक, ज्याचे पान आपल्या विजेच्या इस्त्रीत तारेखाली असते. अभ्रकाच्या बारीक पापुद्र्यांवर टायटॅनियमच्या पांढऱ्या भस्माचा अतिशय पातळ थर चढवायचा, अशा रंगाचे पेटंट 1963 साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीला मिळाले. मौज अशी की, या पुडीत लाल-निळा रंग मुळी नसतोच. थराच्या वरून थोडा उजेड परततो, तळापासून थोडा, आणि दोन्ही मिळून रंग दिसतो. साबणाच्या फुग्यावर दिसतो तसा. थर अगदी पातळ असला तर रुपेरी, मग वाढेल तसा सोनेरी, तांबडा, निळा, शेवटी हिरवा. पुरणपोळी जाड-पातळ लाटण्यासारखेच, पण इथे जाडी केसाच्या शेकडो पटींनी कमी!

आज ही पूड मोटारींच्या रंगात, प्लॅस्टिकच्या डब्यांत, छपाईच्या शाईत पडते. गणपतीच्या पितांबरावर तीच चमकते, आणि डोळ्यांवर लावायच्या रंगांतही तीच.

आता न आवडणारी गोष्ट. झारखंडातल्या कोडरमा आणि गिरिडीहकडचे अभ्रक जगभर जाते. 1980 च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तिथल्या पुष्कळ खाणी बंद झाल्या, पण जुन्या बिळांतून अभ्रकाचा चुरा वेचणे थांबले नाही. त्याला तिकडे ढिबरा म्हणतात. बायका आणि लेकरे टोपल्या घेऊन तो वेचतात. दरड कोसळून माणसे गाडली जातात. राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या पाहणीत, जी 2019 साली प्रसिद्ध झाली, झारखंडच्या या भागात 6 ते 14 वर्षांची 4,545 मुले शाळेत जात नसल्याचे आढळले.

काही कंपन्या आता भट्टीत केलेले कृत्रिम अभ्रक वापरतात. मला पहिल्यांदा तेच बरे वाटले. पण खरेदीच थांबली तर त्या घरांची चूल कशावर पेटायची? म्हणून 2017 साली काही कंपन्या आणि संस्था एकत्र आल्या. त्यांनी ठरवले की माल तिथूनच घ्यायचा, पण तो कोणी वेचला याचा माग ठेवायचा, आणि मुलांना खाणीतून काढून शाळेत बसवायचे. हे काम अजून चालू आहे.