कुंभकोणमचे महाविद्यालय : एक पदवी, तीन विद्या

तामिळनाडूतील तंजावर जिल्ह्यात, कावेरीच्या काठी कुंभकोणम वसलेले आहे. मंदिरे, महामहम् तलावावर बारा वर्षांनी भरणारा मेळा आणि पितळी भांडी यांसाठी हे नगर विख्यात आहे. मराठी माणसाला मात्र त्याची ओळख आणखी एका नात्याने असावयास हवी. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरास भोसल्यांचे राज्य स्थापिले, तेव्हापासून या मुलुखात मराठी कुटुंबे स्थायिक झाली. दरबाराचे दफ्तर मोडीत लिहिले जाई, आणि दुसऱ्या सरफोजीराजांनी वाढविलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात तामिळ, तेलुगू व संस्कृत पोथ्यांच्या बरोबरीने मराठी पोथ्याही जपल्या गेल्या. 1855 मध्ये दुसऱ्या शिवाजीराजांच्या निधनानंतर हे राज्य संपले. त्याच्या आदल्याच वर्षी, 1854 मध्ये, कुंभकोणमला सरकारी प्रांतिक शाळा सुरू झाली होती. दरबारी लेखणीवर उपजीविका करणाऱ्या घराण्यांपुढे आता इंग्रजी विद्येचा मार्ग उरला.

या मार्गावरील आरंभीचे नामांकित उदाहरण म्हणजे सर टी. माधवराव. त्यांचा जन्म 1828 मध्ये कुंभकोणमलाच एका मराठी देशस्थ घराण्यात झाला. गावात अशी शाळा निघण्यापूर्वीचा तो काळ असल्याने त्यांना शिक्षणासाठी मद्रासला जावे लागले. पुढे ते त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले. अल्पवयीन सयाजीराव गायकवाड यांना राज्यकारभाराचे धडे देण्याचे कामही त्यांनी केले.

प्रांतिक शाळेचे 1867 मध्ये महाविद्यालय झाले. डब्ल्यू. ए. पोर्टर यांच्यासारख्या प्राचार्यांच्या आणि टी. गोपाळराव यांच्यासारख्या अध्यापकांच्या परिश्रमांमुळे त्याला ‘दक्षिणेचे केंब्रिज’ म्हटले जाऊ लागले. 1857 मध्ये स्थापन झालेल्या मद्रास विद्यापीठाचा अभ्यासक्रम येथे शिकविला जाई. त्याचा साचा सर्वांना एकच होता. प्रथम एफ. ए. आणि मग बी. ए. अशी ही चढण असे. सर्व विषय इंग्रजीतून शिकावयाचे आणि प्रत्येक विषयात उत्तीर्ण व्हावयाचे, असा नियम होता. त्या साच्याने काय घडविले आणि काय निसटू दिले, हे या महाविद्यालयाशी निगडित तीन व्यक्तींच्या चरित्रांवरून स्पष्ट दिसते.

पहिले व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री. कुंभकोणमजवळच्या वलंगैमान गावी 1869 मध्ये जन्मलेले शास्त्री याच महाविद्यालयाचे पदवीधर. काही वर्षे शिक्षकी पेशा केल्यावर 1907 मध्ये ते पुण्याच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि 1915 मध्ये गोखल्यांच्या निधनानंतर त्या संस्थेचे अध्यक्ष झाले. इंग्रजी वक्तृत्वासाठी त्यांचे नाव देशोदेशी गाजले. आज ज्याला संवादकला म्हणतात, तिचे ते मूर्तिमंत उदाहरण होते. अभ्यासक्रमाला जे हवे होते ते त्यांच्यात पुरेपूर होते, आणि त्याचे फळही त्यांना मिळाले.

दुसरे उ. वे. स्वामिनाथ अय्यर. 1880 मध्ये ते येथे तामिळचे अध्यापक म्हणून रुजू झाले. इंग्रजीच्या त्या राज्यात देशी भाषेच्या पंडिताचे आसन शेवटच्या रांगेत असे. त्याच वर्षी गावात आलेले मुन्सफ सेलम रामस्वामी मुदलियार यांनी त्यांना विचारले, ‘जीवक चिंतामणी’ वाचले आहे काय? तोवर पुराणे, प्रबंध यांतच रमलेल्या या पंडिताने ते वाचलेले नव्हते. या एका प्रश्नाने त्यांच्या आयुष्याला दिशा दिली. खेडोपाडी हिंडून त्यांनी वाळवी लागलेली ताडपत्रे गोळा केली, पाठ ताडून पाहिले आणि 1887 मध्ये तो ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. पाठोपाठ ‘शिलप्पदिकारम्’, ‘पुरनानूरु’, ‘मणिमेखलै’ हे ग्रंथ प्रकाशात आले. ही कामगिरी कोणत्याही परीक्षेच्या नेमणुकीत नव्हती. वर्ग संपल्यावर, पदरमोड करून, एका शिक्षकाने आपल्या भाषेचा हरवलेला ठेवा परत आणला.

तिसरे श्रीनिवास रामानुजन. येथील टाऊन हायस्कूलमधून गणिताचे पारितोषिक घेऊन ते 1904 मध्ये शिष्यवृत्तीसह महाविद्यालयात आले. स्वामिनाथ अय्यर त्याच्या आदल्याच वर्षी मद्रासला बदलून गेले होते. रामानुजन यांचे सारे चित्त गणितात गुंतलेले, आणि परीक्षा मात्र इंग्रजी, संस्कृत, ग्रीस-रोमचा इतिहास व शरीरविज्ञान यांचीही. इंग्रजीत ते अनुत्तीर्ण झाले, शिष्यवृत्ती गेली, आणि सतरा वर्षांचा हा मुलगा कोणास न सांगता विशाखापट्टणमला निघून गेला. पुढे मद्रासच्या पचैयप्पा महाविद्यालयातूनही 1907 ची एफ. ए. परीक्षा त्यांना साधली नाही. त्याच वर्षी इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी स्थापन झाली होती. तिचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. तिच्याच नियतकालिकात 1911 मध्ये रामानुजन यांचा पहिला निबंध छापला गेला. त्यांना अनुत्तीर्ण ठरविणाऱ्या मद्रास विद्यापीठानेच 1913 मध्ये त्यांना दरमहा 75 रुपयांची संशोधनवृत्ती दिली. 1916 मध्ये त्यांना पदवी मिळाली, ती मात्र केंब्रिजची, आणि तीही संशोधनाच्या आधारावर.

अनेक विषय शिकविण्याचा हेतू वाईट नव्हता. त्याच शिक्षणाने शास्त्रींसारखे बहुश्रुत पुरुष घडविले. दोष होता तो एका विषयातील उणिवेवरून सर्व वाटा बंद करण्याच्या नियमात, आणि देशी भाषेला ज्ञानाची भाषा न मानण्याच्या वृत्तीत. हा दुसरा दोष मद्रासपुरताच नव्हता. मुंबई विद्यापीठात मराठीला उच्च शिक्षणात स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे यांना दीर्घकाळ झगडावे लागले.

आज कुंभकोणमच्या विद्यार्थ्यापुढे एकच साचा नाही. जुने महाविद्यालय शासकीय कला महाविद्यालय म्हणून चालू आहे. शासकीय ललित कला महाविद्यालयात चित्रकला, शिल्पकला आणि दृश्यसंवाद यांच्या पदव्या घेता येतात. अंकांत रमणाऱ्या मुलाला गणिताचा किंवा संख्याशास्त्राचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम देशभर उपलब्ध आहे. संवाद, संख्या आणि कला या तीन विद्यांना आता आपापली दारे मिळाली आहेत.

तरीही एक गोष्ट अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत येत नाही. तंजावरकडील मराठी घरांत आजही मराठी बोलली जाते, परंतु ती लिहिणारे व वाचणारे पिढीगणिक कमी होत गेले, कारण त्यांच्या भाषेची शाळा त्यांच्याजवळ उरली नाही. मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे टिकते, तेव्हा तिने राखलेल्या ठेव्याचे मोल अशा उदाहरणावरून कळते. तेथून बाहेर पडणारा विद्यार्थी पुढे कोणतीही पदवी घेवो. एखाद्या विषयात मागे पडलेल्या मुलाला दार बंद न करणारी आणि आपल्या भाषेतील ग्रंथाविषयी त्याला प्रश्न विचारणारी व्यक्ती शाळेतच भेटावी, ही अपेक्षा कुंभकोणमचा इतिहास प्रत्येक शिक्षकाकडून करतो.